जपानकडची वसुली

मंडळी, नमस्कार.

वाचनालयाने बोलायला बोलावलं तेव्हा विषय माझ्यावरच सोडला होता. मी लगेच सांगितलं, आबाजींवर बोलते. आबाजी म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. इथे बसलेल्या साठीपुढच्या लोकांनी त्यांना पाहिलंय. बाकीच्यांनी निदान आमच्या ढवळ्याच्या कपाळावरची चांदणी ऐकली असेल. पोळ्याला सगळ्यांचे बैल बाशिंग बांधून, शिंगांना बेगड लावून तोरणाखाली यायचे. आमच्या ढवळ्याच्या कपाळावर मात्र सहा टोकांची एक चांदणी असायची. तिच्या वर रिबिनीचा तुकडा, मधे लाल पट्टा, दोन्ही बाजूंना निळा, निळ्याच्या आत केशरी रेघ. ते होतं 'बर्मा स्टार', दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर गेलेल्यांना मिळालेलं पदक. लोक असली पदकं काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्याकडे ते कुंकवाच्या डबीत असायचं. त्याच्या खाचांमध्ये हळद-कुंकू इतकं बसलेलं असे, की पोळ्याच्या आदल्या दिवशी आजी ते चिंचेने घासायची.

तोरण तुटलं, पोळा फुटला, की ढवळा घरोघरी ओवाळून घेत बापूजींच्या दारात यायचा. बापूजी आमचे शेजारी, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्या घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालायची, कुंकू लावायची, पुरणपोळी चारायची. बापूजी ओट्यावर बसूनच मोठ्यानं विचारायचे,

"मंग? देल्ले का जपान्यानं पैसे?"

आबाजी कासरा धरून उभे असायचे. म्हणायचे, "नाई ना भाऊ. पुढच्या हंगामात देतो म्हन्ते."

सगळी गल्ली हसायची. दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि हसूही दरवर्षी तेवढंच. मी पाचसहा वर्षांची असल्यापासून हे ऐकत होते. मला खरंच वाटायचं, की जपानमध्ये कोणीतरी आमचे पैसे दाबून बसलंय.

पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की हे अगदीच खोटं नव्हतं. आपल्या भागातला जुना कापूस आखूड धाग्याचा. मुंबईच्या बाजारात त्याला 'ऊमरा' म्हणत. उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेलं नाव ते. विलायतेच्या गिरण्यांना लांब धागा लागे, त्यामुळे या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. आर्वीच्या जिनांतून, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यांतून, गाठी बांधून निघायच्या, छोट्या गाडीने पुलगावला जायच्या, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाजाने जपान. १९४१ मध्ये जपानशी व्यापार थांबला, त्याच डिसेंबरात लढाई जुंपली. आखूड धाग्याला कोणी विचारेना. भाव कोसळला.

आबाजींच्या घरी सात एकर कोरडवाहू होतं. त्या हंगामात पेरलेल्या सरकीचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. सावकाराचा माणूस आला आणि गोठ्यातून बैलजोडी सोडून घेऊन गेला. शेतकऱ्याच्या दावणीतून बैल जाणं म्हणजे काय, हे आपल्या गावात मला समजावून सांगायला नको. त्या वर्षी आमच्या घरी पोळा झाला नाही. पणजीने मातीचे दोन बैल करून त्यांची पूजा केली, असं आजी सांगायची.

त्यातच बेचाळीसचा ऑगस्ट आला. नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, तिकडे चिमूर पेटलं आणि इकडे आपल्या जवळचं आष्टी. लोक ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, आपली माणसं पडली, पोलीसही मारले गेले. मग धरपकड झाली, त्यात बापूजी गेले. आणि तीन महिन्यांनी आबाजी घरात कोणाला न सांगता कामठीला जाऊन फौजेत भरती झाले. दोघं एकाच वर्गात चौथीपर्यंत शिकलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले.

इथे मला थोडं थांबायचंय. आपल्या गावात अजूनही काही लोक म्हणतात, की आबाजी इंग्रजाला विकले गेले. हे बोलणं मला लहानपणीही लागायचं, आजही लागतं. १९३९ मध्ये हिंदुस्थानी फौज साधारण दोन लाखांची होती, १९४५ मध्ये ती पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, तरी एवढी माणसं गेली. त्यातल्या कितींना इंग्रजाचं राज्य हवं होतं? आबाजींना बैलजोडी सोडवायची होती. दर महिन्याची मनीऑर्डर पणजीच्या हातात पडायची आणि पणजी ती तशीच सावकाराच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. बापूजींनी जे केलं ते मोठंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करावं लागत नाही.

आता भरतीची गोष्ट. ही आबाजींच्याच तोंडची. कामठीला कारकुनाने विचारलं, "काय येतं?" आबाजी म्हणाले, "बैल हाकलता येतात." कारकून म्हणाला, "मग खच्चर हाकलशील," आणि त्याने नाव लिहून टाकलं. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे फौजेला रसद पुरवणारं खातं, त्यातली जनावरांची वाहतूक. खच्चर हाकणाऱ्याला तिथे 'ड्राबी' म्हणत. ड्रायव्हर या शब्दाचं फौजेनं केलेलं रूप. आबाजी सांगायचे, "तठीच मी फसलो. बैल अन् खच्चर एकच समजलो. बैल असते भोळा महादेव. खच्चराच्या पोटात वकील असते."

त्यांच्याकडे दोन खच्चरं होती. पहिली राधी. एकेका खच्चरावर दोन मण ओझं, कधी दारूगोळ्याच्या पेट्या, कधी पिठाची पोती, कधी पाण्याच्या पखाली. राधीला आधी पंजाबी ड्राबींनी शिकवलेलं, त्यामुळे तिला हुकूम कळायचे ते पंजाबीतले. आबाजींना वऱ्हाडीशिवाय काही येत नव्हतं. "लेका, मी म्हनो 'चाल बाई', तर थे उभी राहे. मी म्हनो 'थांब बाई', तर थे पयत सुटे. शेवटी मी उलटंच सांगू लागलो." दोन महिन्यांत राधी वऱ्हाडी शिकली. पण इतकी पक्की शिकली, की तिचं पंजाबी पार पुसलं गेलं.

हे कळलं केव्हा, तर आबाजी हिवतापानं आडवे झाले तेव्हा. राधी दुसऱ्या एका ड्राबीकडे दिली, झेलमकडच्या उंचपुऱ्या जवानाकडे. त्याने सगळे हुकूम देऊन पाहिले, राधी जागची हलेना. तिच्यामागे चाळीस खच्चरांची रांग खोळंबली. शेवटी तो दवाखान्याच्या तंबूत आला. आबाजी तापात होते. त्याने त्यांना हलवून विचारलं, "भाई, उसको क्या बोलते हो?" आबाजींनी सांगितलं. मग तो जवान तंबूतून बाहेर पडला आणि ती ओळ विसरू नये म्हणून वाटभर तोंडाने घोकत गेला, "चाल ना वं माय, चाल ना वं माय." राधीच्या कानाशी तेच म्हणाला आणि राधी चालू लागली. पुढे तो रस्ताभर तेच म्हणत असे, आणि बाकीचे पंजाबी ड्राबीही आपापल्या खच्चरांना 'चाल ना वं माय' म्हणू लागले. आमचे आबाजी हे सांगताना त्या माणसाचा आवाज काढायचे, खर्जातला, आणि आम्ही पोरं लोळून हसायचो.

दुसरी मुकी. तिची कथा मला नेहमीच वेगळी वाटते. १९४४ च्या मार्चमध्ये चिंडिट नावाची पथकं विमानांनी जपानी फळीच्या मागे, जंगलात उतरवली गेली. त्यांच्याबरोबरच्या खच्चरांच्या गळ्यातल्या स्वरतंतूंवर आधीच शस्त्रक्रिया केलेली असायची, त्यांनी ओरडून जागा उघडी पाडू नये म्हणून. तसलंच एक जनावर फिरत फिरत आबाजींच्या कंपनीत आलं. ते मान लांब करायचं, ओठ उचलायचं, पोट आत-बाहेर व्हायचं आणि नुसती हवा यायची. "फुस्स," आबाजी करून दाखवायचे. पण या वेळी ते हसत नसत. तिच्या गळ्याखाली हात फिरवावा तसा हात हवेत फिरवायचे.

आता पोळा. तुम्ही ज्यासाठी आलात ते.

१९४४ चा पावसाळा. कोहिमाची लढाई जूनमध्ये संपली होती. २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ कोहिमाकडून आणि इंफाळकडून येणाऱ्या फौजा एकमेकींना भेटल्या आणि जपान्यांनी घातलेला इंफाळचा वेढा उठला. जपानी मागे हटत होते. आबाजींची कंपनी इंफाळहून दक्षिणेला तिद्दीमकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर होती. पाऊस असा, की मोटारी आसापर्यंत रुतलेल्या. जे काही पुढे जाई, ते खच्चरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून.

तिथे आबाजींना घरचं पत्र मिळालं. पणजीने सांगितलेलं, मास्तरांनी लिहिलेलं. त्यात एक ओळ होती: पोळा १८ ऑगस्टला आहे, दावण यंदाही रिकामी आहे.

आबाजींनी ठरवलं, दावण रिकामी नाही. दोन उभ्या आहेत.

कंपनीत आपल्याकडचे आणखी दोघं होते, एक दर्यापूरकडचा, एक दारव्ह्याचा. आणि एक सातारकर. सातारकर म्हणाला, "आमचा बेंदूर आषाढातच झाला, मी कशाला येऊ?" पण पुरणाचं नाव काढल्यावर तोही आला. १७ तारखेच्या संध्याकाळी खांदमळणी. आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो. खच्चराच्या खांद्यावर जू नसतं, खोगिराने त्याची पाठ सोलवटते. म्हणून यांनी लंगरमधून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, सरसोंचं तेल आणि हळद मागून आणली आणि पाठी चोळल्या. मग आबाजींनी राधीच्या आणि मुकीच्या कानात रीतसर सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशीची अडचण पुरणाची. गूळ रेशनमध्ये मिळे. चण्याची डाळ नव्हती, पण चणे होते: खच्चरांच्या तोबऱ्यातले. चौघांनी आपापल्या जनावरांच्या दाण्यातले ओंजळ ओंजळ चणे काढले, उकडले, टमरेलाच्या बुडाने ठेचले, गुळात शिजवले. सालं तशीच. पोळ्या कसल्या, जाड रोटच झाले. गोणपाटाच्या झुली केल्या. दोन बांबूंमध्ये जंगली पानांचं तोरण बांधलं. पळस तिथे दिसला नाही, म्हणून आबाजींना फार चुकल्यासारखं वाटलं होतं.

राहिली बेगड. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गोळा केला होता, पण तो लावायचा कुठे? खच्चराला शिंगंच नाहीत! मग ठरलं, कानांना गुंडाळू. आणि खच्चर एक वेळ पाठीवर तोफेचा तुकडा लादून घेईल, पण कानाला हात लावू देणार नाही. मुकी तशी शहाणी, तिने लावून घेतला. राधीने दर्यापूरच्या गड्याला मांडीवर अशी लाथ दिली, की तो तोरणाच्या बांबूसकट खाली गेला. शेवटी आबाजी तिच्याशी बोलत राहिले, 'माय, माय' करत, आणि सातारकराने मागून येऊन कागद गुंडाळला.

हे होईपर्यंत दिवस मावळला. फौजेत आघाडीवर पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा सर्वांत सावध. हल्ला बहुधा तेव्हाच होतो, म्हणून प्रत्येक जण हत्यार घेऊन खंदकात उभा असतो. त्याला 'स्टँड टू' म्हणतात. खच्चरांचा तळ थोडा मागे, झाडीत. यांना वेळेचं भान नव्हतं. तोरणाखाली चार खच्चरं उभी, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटल्याशिवाय पोळा फुटत नाही. आबाजींनी तिथेच जुळवली:

"कापूस गेला जपानले, पैसा नाई आला,
म्हून माह्या खच्चराचा बर्मात पोळा झाला,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

आणि चौघांनी पोटातून आवाज काढला, 'हर हर महादेव!' समोरच्या डोंगरावर तो आपटला, परत आला, तर तिकडूनही कोणी ओरडल्यासारखा वाटला.

पुढे काय झालं ते आबाजी उभं राहून दाखवायचे. शिट्ट्या झाल्या. पहाऱ्यावरच्याने हवेत बार काढला. मागे लंगरवाले पीठ भरलेल्या हातांनी खंदकात उतरले, एकाच्या हातात बंदुकीऐवजी कढईतला झारा. सुभेदार साहेब दाढी करत होते, ते अर्ध्या तोंडाला साबण लागलेला असताना पिस्तूल घेऊन धावत आले. पाहतात तर चार ड्राबी हात जोडून उभे, चार खच्चरं गोणपाट पांघरून गोड रोट खातायत, आणि दोघींचे कान संध्याकाळच्या उजेडात चमचमतायत.

चौकशी इंग्रज कप्तानापुढे झाली. सुभेदार रावळपिंडीकडचे मुसलमान, कडक माणूस. गुन्हा दोन कलमांचा: गडबड माजवणं आणि सरकारी दाण्याचा गैरवापर. सुभेदारांनी विचारलं,

"दाना कहाँ गया?"

"खच्चर के पेट में, साब."

"दाना तो रोज पेट में जाता है. आज क्या हुआ?"

"आज मीठा होकर गया, साब."

कप्तानाला भाषांतर करून सांगितलं. तो बराच वेळ कागद पाहत राहिला, म्हणजे तोंड खाली घालून बसला, असं आबाजी म्हणायचे. मग हुकूम झाला: चौघांना सात दिवस संडासाचे खड्डे खणायला, आणि पुन्हा सण केला तर गुपचूप. आबाजी म्हणाले, "साब, मुकी ने तो गुपचूपही किया था." त्याचा एक दिवस वाढला. आठ झाले.

आणखी एक हुकूम होता. कानांवरचा कागद ताबडतोब काढायचा, विमानातून चमकला तर तळ दिसेल. मुकीचा लगेच निघाला. राधीने मात्र त्या रात्री कोणालाच जवळ येऊ दिलं नाही. आबाजींना खड्ड्यांवर नेलेलं, त्यामुळे तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. सुभेदारांनी चार माणसं लावली. मग तो झेलमवाला आला, तिच्या कानाशी वाकला आणि खर्जात म्हणाला, "चाल ना वं माय." राधी चालायला लागली. कागद तसाच, झेलमवाला तिच्याबरोबर, मागे सुभेदार कंदील घेऊन.

आबाजी इथे नेहमी थांबायचे आणि पाणी मागायचे. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हसून त्यांचा घसा कोरडा पडतो. एकदाच, मी कॉलेजात असताना, मी विचारलं, "मग राधीचं काय झालं?" ते म्हणाले, "सप्टेंबरात दरड आली. राधी गेली. संगं थो पंजाबीबी गेला." एवढंच. त्या दिवशी तो आबाजींच्या पाळीवर होता. आबाजींचा खड्ड्यांचा आठवडा कधीच संपला होता, पण पाय चिघळले होते म्हणून त्यांना मागे ठेवलं होतं आणि राधी पुन्हा त्याच्याकडे दिली होती, कारण तिची भाषा येणारा दुसरा कोणी नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते, आबाजी ही गोष्ट दर पोळ्याला सांगत, ती लोकांना हसवण्यासाठी सांगतात असं मला वाटत नसे. त्या माणसाचा आवाज वर्षातून एकदा तरी आमच्या अंगणात निघावा, म्हणून सांगत.

२०११ मध्ये मी कोहिमाला गेले. तिथल्या टेकडीवर युद्ध-स्मशानभूमी आहे, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी, १४२० कबरींची. जिथे दोन्ही फौजा टेनिसच्या मैदानाच्या दोन टोकांना खंदक करून लढल्या, त्या मैदानाच्या रेघा अजून पांढऱ्या आखून ठेवल्यायत. सगळ्यांत वर, जिथे वारा लागतो, तिथे अग्नी दिलेल्या हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक आहे, ९१७ नावांचं. मी ती नावं वाचत बसले होते. आपल्याकडची वाटणारी आडनावं दिसली की बोट तिथे थांबायचं. आबाजींच्या त्या दोस्ताचं पूर्ण नाव मला माहीत नाही. आबाजी त्याला 'झेलम' म्हणत.

आता परतीचं. १९४५ च्या सुरुवातीला आबाजींना रजा मिळाली. दिमापूर, कलकत्ता, नागपूर, पुलगाव, आणि तिथून आर्वीची छोटी गाडी. घरात पाऊल टाकलं आणि पणजीने किंकाळी फोडली, कारण मुलगा पिवळा होता. अंग पिवळं, हाताचे तळवे पिवळे. पणजीला वाटलं कावीळ. तिने त्यांना तसंच पाठीवरच्या पिशवीसकट नदीपलीकडच्या कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाहिले, परातीतलं पाणी पिवळं झालं, त्याने सव्वा रुपया घेतला आणि सांगितलं, उतरली. माणूस होता तसाच पिवळा.

ती कावीळ नव्हती. ते होतं मेपाक्रिन, हिवतापावरची गोळी. ती रोज घेतली की कातडी पिवळी पडते. त्या आघाडीवर हिवतापाने बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त माणसं आडवी केली होती. १९४३ मध्ये जखमी होऊन एक माणूस मागे नेला जाई, तेव्हा आजारी पडून एकशे वीस नेले जात. त्या आघाडीवरच्या चौदाव्या फौजेचा सेनापती स्लिम अचानक तपासणी करवायचा, आणि पलटणीतल्या शंभरातल्या निदान पंचाण्णवांनी गोळी घेतलेली नसली तर तिच्या साहेबाला काढून टाकायचा. त्यामुळे गोळी रांगेत उभं करून, तोंडात टाकून, वर तोंड उघडून दाखवायला लावून खायला घालत. जवान ती खायला बघत नसत, कारण सगळ्या आघाड्यांवर एक अफवा होती, की या गोळीने पोरं होत नाहीत. मी आबाजींच्या सात लेकरांपैकी चौथ्याची मुलगी आहे.

तर अंग पिवळं पाहून भावकीतल्या बायका म्हणाल्या, पोट्ट्याला हळद तर लागूनच आली, आता नवरी तेवढी पाहा. आणि खरोखर त्याच रजेत लग्न झालं. आजी सांगायची, "माह्या हळदीच्या दिवशी मी पिवळी, थे पयलेच पिवळे. धुतल्यावर मी गोरी झाली, थे काई झाले नाई."

१९४६ मध्ये ते कायमचे घरी आले. तोवर मनीऑर्डरींनी सावकार फिटला होता. गेलेली जोडी परत मिळाली नाही, नवी घेतली, त्यातला एक पहिला ढवळा. बापूजीही सुटून आले होते. दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत आणि बोलत नसत. बापूजींच्या मनात राग होता, आणि तो का होता हे मी समजू शकते. त्यांचे सोबती आष्टीच्या गोळीबारात गेले होते. आबाजींच्या मनात काय होतं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मग पोळा आला. पोळ्याला बैल घर टाळत नाही, मालकांचं बोलणं बंद असलं तरी. ढवळा बापूजींच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर आबाजींनी मुद्दाम ती चांदणी बांधली होती. बापूजींच्या आईने पूजा केली. बापूजी ओट्यावर होते. त्यांनी चांदणी पाहिली आणि चार वर्षांत पहिल्यांदा बोलले,

"इंग्रजाची चाकरी करून हेच भेटलं का?"

गल्ली गप्प झाली. आबाजी म्हणाले,

"चाकरीले नाई गेल्तो, बापू. वसुलीले गेल्तो. जपान्याकडं आपल्या कापसाचे पैसे बाकी होते ना. तुह्येबी होते."

बापूजींच्याही घरी तेव्हा कापूसच होता. त्यांच्याही कपाशीला तीच कळ लागली होती. आजी सांगायची, की आधी बापूजींची आई हसली, मग ते. हसू आवरेना तसे त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि विचारलं, "मंग? देल्ले का त्यानं?"

तेव्हापासून पंचेचाळीस पोळे.

१९९१ च्या आधीच्या थंडीत बापूजी गेले. त्या पोळ्याला मी गावी आले होते. आबाजी सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले. आम्ही म्हटलं, बैल नातू नेईल. त्यांनी ऐकलं नाही. कासरा हातात घेऊन तेच निघाले. ढवळा बापूजींच्या दारात उभा राहिला. त्यांची नवी नातसून ताट घेऊन आली, तिने पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, पोळी चारली, बोजाऱ्याचे पैसे आबाजींच्या हातावर ठेवले. पूजा झाली. ढवळा पुढच्या घराकडे वळू लागला. आबाजींनी कासरा सैल सोडला नाही. ते ओट्याकडे पाहत उभे राहिले. ओटा सारवलेला, रिकामा. नातसुनेला काही कळेना, ती ताट घेऊन तशीच उभी. मला वाटलं आपण विचारावं, पण तोंड उघडेना.

आतल्या दारात बापूजींची बायको होती. मोतिबिंदूने दिसणं गेलेलं. माझ्या आबाजींशी ती आयुष्यात कधी समोरासमोर बोलली नव्हती, डोक्यावर पदर घेऊन आतूनच काय ते बोले. ती चौकट धरून उंबऱ्यापर्यंत आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "देल्ले का वो जपान्यानं पैसे?"

आबाजींनी टोपी सारखी केली.

"नाई ना वयनी. पुढच्या हंगामात देतो म्हन्ते."

आणि कासरा सोडला.